अँड्र्यू फाइल-व्यवस्थेच्या सर्व्हर-मांडणीतील दोषशोध

अनेक संगणकांवर विखुरलेल्या फाइली वापरणाऱ्यास एकाच ठिकाणी असल्यासारख्या दिसाव्यात, ही वितरित फाइल-व्यवस्थेमागील मूळ कल्पना होय. ही कल्पना जितकी यशस्वी होते तितके तिच्यातील बिघाड शोधणे अवघड होते. कारण ज्या विखुरलेपणावर पडदा टाकण्यासाठी सारी व्यवस्था उभारलेली असते, तेच विखुरलेपण बिघाडाच्या वेळी बारकाईने पाहावे लागते. वापरणाऱ्यास फाइल उघडत नाही एवढेच कळते. तिची डिस्क निकामी झाली आहे, की तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर अबोल आहे, की कोठेतरी दोन यंत्रांच्या घड्याळांत फरक पडला आहे, याचा उलगडा त्याच्यापुढील संदेशावरून क्वचितच होतो.

हा प्रश्न उदाहरणावाचून चर्चिणे निष्फळ ठरेल. यास्तव प्रस्तुत लेखात अँड्र्यू फाइल-व्यवस्था, म्हणजेच एएफएस, हे उदाहरण घेतले आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठ व आयबीएम यांनी १९८२ साली संयुक्तपणे हाती घेतलेल्या अँड्र्यू प्रकल्पातून ही व्यवस्था जन्मास आली. विद्यापीठाशी निगडित असलेल्या अँड्र्यू कार्नेगी व अँड्र्यू मेलन या दोघांच्या समान नावावरून प्रकल्पाचे नाव पडले. तिच्या रचनाकारांत महादेव सत्यनारायणन् हे एक प्रमुख होते. विद्यापीठातील हजारो संगणकांना पुरेल अशी व्यवस्था उभारणे हे उद्दिष्ट असल्यामुळे, फाइल एकदा ग्राहक-संगणकावर आणून ठेवावी आणि ती बदलली तर सर्व्हरनेच तसे कळवावे, अशी योजना करण्यात आली. आयबीएमने २००० साली मूळ प्रोग्राम खुला केला व त्यातून ‘ओपनएएफएस’ ही आज चालू असलेली परंपरा सुरू झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की तिच्यात कामांची वाटणी अतिशय स्पष्ट आहे, आणि त्यामुळे दोष कोणत्या सांध्यावर निर्माण झाला हे दाखविता येते.

ही वाटणी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. एएफएसच्या एका प्रशासकीय घटकास ‘सेल’ म्हणतात. सेलमधील फाइली ‘व्हॉल्यूम’ नावाच्या गठ्ठ्यांत ठेवलेल्या असतात व हे व्हॉल्यूम फाइल-सर्व्हरच्या डिस्कवर असतात. कोणता व्हॉल्यूम कोणत्या सर्व्हरवर आहे याची नोंद मात्र फाइल-सर्व्हरकडे नसते; ती व्हॉल्यूम-स्थान सर्व्हर नावाच्या निराळ्या प्रोग्रामकडे असते. वापरणारे व त्यांचे गट यांची नोंद संरक्षण-सर्व्हरकडे असते. वापरणारा खरोखर तोच आहे याची हमी केर्बेरॉस ही तिसरीच व्यवस्था देते. या सर्व प्रोग्रामांवर देखरेख करणारा एक ‘बॉस’ प्रत्येक सर्व्हर-यंत्रावर बसविलेला असतो. म्हणजे एक साधी फाइल वाचताना ग्राहक तीन-चार ठिकाणी विचारणा करीत असतो. या विचारणा निर्वेधपणे पार पडण्यासाठी सर्व पक्षांचे चार गोष्टींवर एकमत असावे लागते : नाव, वेळ, किल्ली आणि पत्ता. माझ्या अनुभवात नव्याने उभारलेल्या सर्व्हरमध्ये आढळणारे बहुसंख्य दोष या चारांपैकी एखाद्या बाबतीतील मतभेदाचे असतात. फाइल-सर्व्हर स्वतः बहुधा निर्दोष असतो.

नावाविषयी फार लिहावयास नको. सेलचे नाव व त्यातील नोंद-सर्व्हरांची यादी प्रत्येक यंत्रावर दोन छोट्या फाइलींत लिहिलेली असते. ही यादी सर्व्हरवर एक व ग्राहकावर दुसरी अशी स्वतंत्र असते, हे नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. तो एक दुरुस्त करतो आणि दुसरी जुनीच राहते. केर्बेरॉसच्या क्षेत्राचे नाव रूढीने मोठ्या लिपीत व सेलचे लहान लिपीत लिहिले जाते, त्यातही गफलत होते. या चुका डोळ्यांनी वाचून सापडण्याजोग्या आहेत.

वेळेची गोष्ट निराळी आहे. केर्बेरॉस आपल्या मूळ मांडणीत दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांपर्यंतचा फरक सहन करतो. त्याहून अधिक फरक असल्यास तो परवाना मान्य करीत नाही. हा नियम अनेकांना ठाऊक असतो. पण नोंद-सर्व्हर आपापसांत ज्या ‘यूबिक’ पद्धतीने मतदान करतात ती याहून कितीतरी काटेकोर असून तिला काही सेकंदांचा फरकही बाधतो, हे फारसे ठाऊक नसते. परिणामी असे घडते की वापरणाऱ्यास परवाना मिळतो, जुन्या फाइली वाचता येतात, आणि तरीही नवा व्हॉल्यूम निर्माण करण्याची आज्ञा दिली की नकार येतो. येथे पाहणारा डिस्कमधील जागा तपासू लागतो, अधिकार तपासू लागतो. घड्याळाकडे त्याचे लक्ष जात नाही, कारण परवाना मिळाला म्हणजे घड्याळ ठीक आहे असे त्याने गृहीत धरलेले असते. आपल्याकडे आणखी एक खूण उपयोगी पडते. सर्व्हरचे घड्याळ नेमके साडेपाच तासांनी चुकलेले आढळले, तर कोणीतरी यंत्रातील मूळ घड्याळ भारतीय वेळेनुसार ठेवले व प्रणालीने ते जागतिक वेळ म्हणून वाचले, असे खुशाल समजावे.

यूबिकच्या मतदानाबद्दल येथेच सांगितलेले बरे. नोंदींच्या प्रती अनेक सर्व्हरांवर असतात, पण बदल करण्याचा अधिकार त्या वेळी निवडून आलेल्या एकाच सर्व्हरला असतो, आणि निवडीसाठी निम्म्याहून अधिक मते लागतात. मते समसमान पडू नयेत म्हणून सर्वांत लहान आयपी पत्ता असलेल्या सर्व्हरच्या मताला अर्ध्या मताचे जादा वजन दिलेले आहे. आता दोनच सर्व्हरांचा सेल घ्या. लहान पत्त्याचा सर्व्हर क, दुसरा ख. ख बंद पडला तर क जवळ दोनांपैकी दीड मत उरते व काम चालू राहते. क बंद पडला तर ख जवळ दोनांपैकी एकच मत राहते. गणपूर्ती होत नाही, आणि सेलमध्ये कोणताही नोंद-बदल करता येत नाही. म्हणजे ‘एक बंद पडला तर दुसरा आहेच’ हे विधान अर्ध्या प्रसंगांत खोटे ठरते. तीन सर्व्हर ठेवण्याची शिफारस यासाठीच केली जाते. गणपूर्तीचा अभाव ५३७६ या संकेतांकाने व्यक्त होतो. तो दिसताच ‘यूडीबग’ हा प्रोग्राम प्रत्येक नोंद-सर्व्हरवर चालवून कोण कोणाला मत देत आहे व घड्याळांत किती अंतर आहे हे पाहावे. ही चौकशी सर्वच सर्व्हरांवर करावयाची असते, कारण प्रत्येकाजवळ सर्व्हरांची स्वतःची यादी असते आणि यादी भिन्न असली की मतदारसंख्याही भिन्न होते. नोंद-सर्व्हर नुकताच सुरू केला असेल तर निवडीस मिनिटभर किंवा थोडा अधिक अवधी लागतो. तो न देता पुन्हा बंद-चालू करणारा मनुष्य स्वतःच निवडणूक उधळून लावीत असतो.

किल्लीसंबंधीचा घोटाळा सर्वांत फसवा, म्हणून तो थोडा विस्ताराने पाहू. एएफएसच्या सेवेसाठी केर्बेरॉसमध्ये एक खाते असते व त्याची गुप्त किल्ली दोन ठिकाणी असते : केर्बेरॉसच्या नोंदीत आणि एएफएसच्या प्रत्येक सर्व्हरवरील फाइलीत. किल्ली बदलली की तिचा क्रमांक एकाने वाढतो. परवान्यावर हा क्रमांक लिहिलेला असतो, आणि त्या क्रमांकाची किल्ली सर्व्हरजवळ नसेल तर परवाना उलगडत नाही. हे सरळ आहे. गोम अशी आहे की एमआयटीच्या केर्बेरॉसमध्ये किल्ली फाइलीत उतरवून घेण्याची जी नेहमीची ‘के-टी-अ‍ॅड’ ही आज्ञा आहे, ती विशेष सूचना न दिल्यास किल्ली नुसती उतरवीत नाही, तर नवी निर्माण करते. पहिल्या सर्व्हरसाठी किल्ली उतरविली, ती एक क्रमांकाची. दुसऱ्या सर्व्हरसाठी पुन्हा तीच आज्ञा दिली, ती दोन क्रमांकाची. आणि त्याच क्षणी पहिल्या सर्व्हरजवळील किल्ली शिळी झाली. मांडणी करणाऱ्याने दोन्हीकडे अक्षरशः एकच कृती केलेली असते व त्यामुळे दोन्हीकडे एकच किल्ली आहे अशी त्याची खात्री असते. एकदा उतरविलेली फाइल सुरक्षितपणे सर्व सर्व्हरांवर न्यावी, हा यावरील साधा उपाय.

या दोषाची बाह्य लक्षणे मात्र किल्लीची आठवणसुद्धा करून देत नाहीत. सर्व्हरने टोकन नाकारले की ग्राहक ते टाकून देतो आणि पुढील विचारणा अनामिक म्हणून करतो. अनामिकास त्या निर्देशिकेत प्रवेश नसतो. यास्तव वापरणाऱ्यास ‘परवानगी नाही’ असा संदेश दिसतो. तो पाहून प्रशासक निर्देशिकेच्या अधिकारांची यादी उघडतो, ती बरोबर असते, आणि गोंधळ वाढतो. काही जण अशा वेळी ‘सर्वांस लिहिण्याचा अधिकार’ देऊन प्रश्न मिटवितात. फाइली उघडू लागतात खऱ्या. परंतु दोष तसाच राहतो आणि विभागाच्या फाइली जगास लिहावयास मोकळ्या होतात. ग्राहक-यंत्राच्या नोंदवहीत अशा वेळी संकेतांक पडलेला असतो, तो वाचावा. १९२७०४०८ म्हणजे परवान्यावरील किल्लीचा क्रमांक सर्व्हरास अज्ञात. १९२७०४०७ म्हणजे परवानाच सदोष. १९२७०४०९ म्हणजे मुदत संपलेली. मुदत नुकत्याच घेतलेल्या परवान्याची संपलेली दिसली, तर पुन्हा घड्याळाकडे वळावे.

किल्लीचा दोष वेगळा काढण्यासाठी एक उत्तम कसोटी उपलब्ध आहे. सर्व्हरवरील प्रशासकीय आज्ञांना ‘लोकलऑथ’ अशी सूचना जोडता येते. त्या वेळी आज्ञा केर्बेरॉसकडे न जाता सर्व्हरवरील किल्ली थेट वापरते. तीच आज्ञा या सूचनेसह चालली व टोकनसह चालली नाही, तर एएफएसचे सर्व्हर, त्यांच्या नोंदी व जाळे यांच्यावरचा संशय एका फटक्यात दूर होतो आणि शोध परवाना व किल्ली एवढ्यापुरता उरतो. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात एक राशी स्थिर ठेवून दुसरी बदलतात, त्यातलाच हा प्रकार. जुनी मांडणी पुढे चालविणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की एएफएसच्या किल्ल्या दीर्घकाळ डीईएस या आता दुर्बल ठरलेल्या पद्धतीच्या होत्या. २०१३ साली त्याऐवजी सबळ किल्ल्या वापरण्याची सोय झाली व किल्ल्यांची फाइलही बदलली. जुन्या पुस्तिकेतील फाइलीचे नाव नव्या आवृत्तीत शोधीत बसण्यात पुष्कळ वेळ वाया जातो.

पत्त्याच्या बाबतीत फाइल-सर्व्हर स्वतःच आपली ओळख करून देत असतो. सुरू होताना तो आपले सर्व आयपी पत्ते व्हॉल्यूम-स्थान सर्व्हरकडे नोंदवितो. यंत्राला दोन जाळी जोडलेली असतील आणि त्यांपैकी एक बाहेरून अगम्य असेल, तर तो पत्ताही नोंदला जातो, व ग्राहक अधूनमधून त्या अगम्य पत्त्यावर जाऊन थांबून राहतो. दोष कधी दिसतो, कधी नाही. आणि असा दोष हाच सर्वांत त्रासदायक. कोणते पत्ते नोंदवावे व कोणते वगळावे हे ठरविणाऱ्या दोन फाइली यासाठी योजलेल्या आहेत. डेबियनसारख्या काही प्रणाली स्थापनेच्या वेळी यंत्राचे नाव १२७.०.१.१ या स्वतःपुरत्या पत्त्याशी जोडतात. सर्व्हर-यंत्रावर ही ओळ अवश्य काढावी, नाहीतर सर्व्हर स्वतःचा शोध स्वतःतच घेत बसतो. सध्या आभासी यंत्राची प्रत काढून दुसरा सर्व्हर करण्याची पद्धत रूढ झाली आहे. फाइल-सर्व्हर आपला विशिष्ट ओळखक्रमांक ‘सिसआयडी’ नामक फाइलीत ठेवतो, आणि प्रत काढताना तीही जाते. मग एकाच ओळखीचे दोन सर्व्हर उभे राहतात. प्रत काढल्यानंतर, सर्व्हर सुरू करण्यापूर्वी, नव्या यंत्रावरील ही फाइल नष्ट करावी.

जाळ्यातील अडथळ्यांविषयी थोडक्यात : एएफएसची सारी वाहतूक यूडीपीवर ७००० ते ७००९ या द्वारांमधून होते, त्यांत ७००० फाइल-सर्व्हरचे, ७००२ संरक्षणाचे, ७००३ व्हॉल्यूम-स्थानाचे, ७००५ व्हॉल्यूम-सर्व्हरचे व ७००७ बॉसचे. ग्राहकाचे ७००१ हे द्वार विसरले जाते. फाइल बदलल्याचे सर्व्हर याच द्वारी कळवितो; ते बंद असल्यास ग्राहकास जुनी फाइल दिसत राहते आणि उत्तराची वाट पाहणारा सर्व्हरही मंदावतो. लहान फाइली येतात पण मोठ्या अडकतात असे दिसल्यास मार्गातील एखादे यंत्र मोठ्या पॅकेटांचे तुकडे अडवीत असावे.

आतापर्यंत सांगितलेल्या दोषांत तपासणीचा क्रम चुकला तर वेळ जातो, याहून अधिक हानी होत नाही. परंतु ‘आधी बंद करून पुन्हा सुरू करून पाहू’ ही जी सार्वत्रिक सवय आहे ती कधीकधी निरुपद्रवी राहत नाही. याचे ठळक उदाहरण १४ जानेवारी २०२१ रोजी घडले. ओपनएएफएसच्या १.८ मालिकेतील तत्कालीन आवृत्त्यांत प्रत्येक जोडणीस द्यावयाच्या क्रमांकाचा आरंभ घड्याळावरून केला जात असे, आणि संख्या मर्यादेबाहेर गेल्यास काय करावे यासंबंधीचा भाग सदोष होता. १९७० च्या आरंभापासून मोजलेल्या सेकंदांची संख्या १,६१,०६,१२,७३६ झाली (भारतीय वेळेप्रमाणे दुपारी १ वाजून ५५ मिनिटे ३६ सेकंद) आणि त्या क्षणानंतर सुरू होणाऱ्या प्रत्येक ग्राहकाचे व सर्व्हरचे हे गणित कोलमडले. जे प्रोग्राम त्याआधीपासून चालू होते ते मात्र बिनबोभाट चालत राहिले. म्हणजे त्या दिवशी ज्याने काहीच केले नाही त्याची व्यवस्था शाबूत होती, आणि एखाद्या किरकोळ तक्रारीवर उपाय म्हणून ज्याने सर्व्हर बंद-चालू केला त्याची व्यवस्था ठप्प झाली. दुरुस्ती १.८.७ या आवृत्तीत आली. चालू स्थितीतील प्रोग्राम हा स्वतःच एक पुरावा असतो; तो बंद करण्यापूर्वी ‘बॉस स्टेटस’चे उत्तर व नोंदवह्या उतरवून घ्याव्यात हे या घटनेवरून पटावे. बॉसच्या उत्तरातील ‘व्यवस्थित चालू’ या शब्दांचा अर्थ प्रोग्राम जिवंत आहे एवढाच आहे, तो काम करीत आहे असा नव्हे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

याहून गंभीर एक प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. एका विभागातील फाइल-सर्व्हर वीज गेल्यानंतर पुन्हा सुरू झाला. बॉसचे उत्तर निर्दोष. तथापि दोन संशोधक विद्यार्थ्यांचे व्हॉल्यूम मिळेनात. त्यांपैकी एकाचा प्रबंध महिनाभरात सादर व्हावयाचा होता. स्थान-नोंद सांगे की हे व्हॉल्यूम या सर्व्हरच्या दुसऱ्या विभाजनावर आहेत. सर्व्हरला विचारले तर तो म्हणे, त्या विभाजनावर एकही व्हॉल्यूम नाही. नोंद व वस्तुस्थिती यांत विसंगती असेल तर ती मिटविण्यासाठी एएफएसमध्ये ‘सिंकसर्व्ह’ नावाची आज्ञा आहे. एका तरुण सहकाऱ्याने ती पडद्यावर लिहिलीही होती. कळ दाबावयाची तेवढी राहिली होती. ही आज्ञा काय करते? नोंदीत असलेला पण सर्व्हरवर न सापडलेला व्हॉल्यूम ती नोंदीतून काढून टाकते. विसंगती त्यामुळे खरोखरच मिटली असती. त्यानंतर ‘व्हॉल्यूम नष्ट झाले’ असा निष्कर्ष निघाला असता, आणि कित्येक आठवड्यांपूर्वीची राखीव प्रत त्याच जागी उतरविण्यात आली असती.

त्याला थांबवून आम्ही प्रथम डिस्कच पाहिली. एएफएसची विभाजने ‘व्हाइसपी-ए’, ‘व्हाइसपी-बी’ अशा नावांच्या निर्देशिकांवर जोडलेली असतात. (सर्व्हरांच्या समुच्चयास मूळ प्रकल्पात ‘व्हाइस’ म्हणत, त्याचा हा अवशेष.) त्या निर्देशिकेवर स्वतंत्र डिस्क जोडलेली नसेल, तर फाइल-सर्व्हर तिला विभाजन म्हणून स्वीकारतच नाही, ही त्याच्या कर्त्यांनी ठेवलेली खबरदारी आहे. मग येथे रिकामी निर्देशिका त्याने कशी स्वीकारली? आत एकच फाइल होती : ‘ऑलवेज-अटॅच’. पूर्वी कधीतरी, स्वतंत्र डिस्क येण्याआधी, चाचणीपुरती साधी निर्देशिकाच विभाजन म्हणून वापरता यावी यासाठी कोणीतरी ती ठेवली होती. पुढे त्यावर डिस्क जोडली गेली व फाइल तिच्याखाली झाकली गेली. वीज परत आल्यावर प्रणालीने डिस्कांना निराळ्या क्रमाने नावे दिली, जुन्या नावाने केलेली जोडणी फसली, आणि खबरदारी रद्द करणारी ती विसरलेली फाइल पुन्हा उघडी पडली. राखीव प्रत उतरविली असती तर ती या उघड्या निर्देशिकेत, म्हणजे मूळ डिस्कवर, गेली असती. आणि खरी डिस्क पुढे जोडली जाताच त्यानंतरचे नवे लेखन तिच्याखाली गडप झाले असते. एकाच प्रबंधाच्या दोन अर्धवट आवृत्त्या, आणि त्यांपैकी एक अदृश्य.

फाइल-सर्व्हर बंद केला, ‘ऑलवेज-अटॅच’ काढून टाकली, डिस्क तिच्या कायम ओळखक्रमांकाने जोडली, आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. वीज अचानक गेली असल्यामुळे काही व्हॉल्यूमांना ‘सॅल्व्हेजर’ या दुरुस्ती-प्रोग्रामातून जावे लागले. त्याला सुमारे अर्धा तास लागला. दोन्ही व्हॉल्यूम आदल्या संध्याकाळच्या स्थितीत मिळाले. त्यानंतर त्या विभागात बॉस सुरू करण्यापूर्वी प्रत्येक विभाजन जोडले गेले आहे किंवा नाही याची तपासणी करणारी चार ओळींची आज्ञावली घालण्यात आली, आणि सर्व्हरच्या पेटीवर विभाजनांची नावे, त्यांच्या डिस्कांचे ओळखक्रमांक व तारीख लिहिलेला कागद चिकटविण्यात आला. पहिली ओळ त्याच तरुण सहकाऱ्याच्या हस्ताक्षरात आहे.